गाण्याला सातबारा नसतो

बुवांच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि ओटीवर पहिला वाद निघाला तो जमिनीचा नव्हता. पखवाज कुणाचा, यावरून निघाला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याची वाडी. बुवांची उमेदीची वर्षं परळच्या गिरणीत गेली. रात्री गावकीच्या खोलीत भजन, आणि गिरणी संपानंतर गावी परत. पखवाज मंडळाच्या वर्गणीतला की बुवांच्या बोनसमधला, यावर चौघांची चार मतं. डाव्या पुडीवर शेवटच्या एकादशीची कणीक तशीच वाळून तडकली होती. धाकटा भाऊ ती नखाने उकरत म्हणाला, "कागद-बिगद काय करून ठेवलाय का आप्पांनी?"

आप्पांनी, म्हणजे बुवांनी, कागद केला नव्हता. मागे बायको आणि दोन लग्न झालेल्या लेकी. तीन गटांत मिळून काही गुंठे, बँकेत थोडी ठेव, चालींची एक वही आणि नव्वदच्या दशकात मुंबईत निघालेल्या दोन कॅसेटी. महाडला कचेरीच्या आसपास दस्तांचे मसुदे लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला बोलावणं. जमिनीचं मी तिथल्या तिथे सांगितलं. वहीचं आणि कॅसेटींचं सांगता येईना. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाने मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर त्याच्या कमाईचं पुढे काय होतं, हे मग मी जमेल तिथून वाचत गेलो.

या बाबतीतलं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं. प्रिन्स हा गायक-वादक २१ एप्रिल २०१६ रोजी मिनेसोटातल्या पेस्ली पार्क या आपल्या राहत्या स्टुडिओत गेला. वय ५७. आई-वडील आधीच वारलेले, दोन्ही लग्नं मोडलेली, मूल हयात नाही आणि मृत्युपत्र नाही. कोर्टाचं दार उघडताच चाळीसहून जास्त जण नातं सांगत आले. वर्षभराने, मे २०१७ मध्ये, न्यायाधीशांनी सहा वारस ठरवले: सख्खी बहीण टायका आणि पाच सावत्र भावंडं. ठरवले म्हणजे पैसे मिळाले असं नाही. मिळकतीचा कारभार पाहणाऱ्यांनी तिची किंमत ८ कोटी २३ लाख डॉलर लावली, करखात्याने १६ कोटी ३२ लाख. शेवटी १५ कोटी ६४ लाखांवर तडजोड झाली आणि वाटप व्हायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. तोवर सहांपैकी दोघं वारले होते, काहींनी आपला वाटा एका संगीत कंपनीला विकून टाकला होता, आणि वकील-सल्लागारांच्या बिलांत कोट्यवधी डॉलर गेले होते.

करखात्याचा आकडा जवळजवळ दुप्पट का यावा? घर, जमीन, बँकेतली शिल्लक यांची किंमत दोन माणसं लावतील तर थोडीफार इकडेतिकडे होईल. पण माणूस गेल्यावर त्याची गाणी पुढे किती वाजतील, तिजोरीत पडलेल्या न निघालेल्या ध्वनिमुद्रणांना काय भाव येईल, त्याच्या नावाने किती तिकिटं खपतील, याचा अंदाज कसा बांधायचा? आंब्याच्या बागेचा मोहोर बघून व्यापारी खंडून घेतो, तसला हा अंदाज, फक्त साठ-सत्तर वर्षांचा. आणि कर मात्र रोख भरायचा.

ही करांची टांगती तलवार आपल्याकडे नाही. मृताच्या मिळकतीवरचा कर भारतात १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. आपली अडचण वेगळी आहे. ती कागदांची आहे.

मृत्युपत्र नसलं की कायदाच मृताच्या वतीने वाटणी करतो. प्रिन्स पोलादपूरचा असता तर काय झालं असतं, याचा मी एकदा गंमत म्हणून हिशेब मांडला. मिनेसोटाच्या कायद्याने सख्खं-सावत्र असा भेद केला नाही, सहाही जणांना सारखं दिलं. हिंदू वारसा कायदा तसा नाही. नातं एकाच दर्जाचं असेल तर सख्ख्याला सावत्रावर प्राधान्य, असं त्याचं १८ वं कलम सांगतं. म्हणजे टायकापुढे सावत्र बहिणींचं काही चाललं नसतं. आणि प्रिन्सचे दोन भाऊ त्याच्या आईचे, वेगळ्या वडिलांचे. ते तर आपल्या 'भाऊ-बहीण' या रांगेत उभेच राहू शकले नसते. एकच घर, एकच मृत्यू. कायदा बदलला की धनी बदलतात.

हे महाडकरांना नवं वाटू नये. १९५६ पूर्वी मुंबई इलाख्यात वारशाचा कायदा सरसकट एक नव्हता. मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाचं पारडं जड, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरेचं. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा उत्तर भाग मयूखाकडे झुकला, दक्षिण टोकाचं महाड मिताक्षरेकडे राहिलं. फरक नुसता पंडिती नव्हता. निपुत्रिक, बायको नसलेला मुलगा गेला तर मिताक्षरेत आई आधी, मयूखात बाप आधी. एकाच जिल्ह्यात, काही कोसांच्या अंतरावर.

आणि हे सगळं ज्या स्मृतींच्या टीकांवर उभं होतं, त्यातली मनुस्मृती जाळली गेली ती महाडलाच, २५ डिसेंबर १९२७ ला. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमधला. पुढे कायदामंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं, ते रखडलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्या बिलाचा वारशाचा तुकडा १७ जून १९५६ पासून कायदा म्हणून लागू झाला. हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना. बुवांच्या बायकोला आणि लेकींना आज जो वाटा आहे तो त्या तुकड्यामुळे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला की आई, विधवा, मुलगे, मुली पहिल्या वर्गात, सारख्या हिश्शाने. ही माणसं असताना भावाचा नंबरच लागत नाही. धाकट्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. कणीक उकरणं तेवढं थांबलं.

खुद्द बाबासाहेबांच्या लेखनाचं काय झालं, तेही इथे सांगण्यासारखं आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांच्या पेट्या कित्येक वर्षं सरकारी अभिरक्षकांच्या ताब्यात राहिल्या. महाराष्ट्र सरकारने लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ मध्ये. हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालणारा हक्क २०१६ च्या डिसेंबरअखेर संपला. साठांतली बावीस-तेवीस वर्षं पहिल्या खंडाची वाट पाहण्यात गेली.

स्त्री कलावंताची गोष्ट याच कायद्यात फार अडचणीची आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली की आधी मुलं आणि नवरा; ते नसतील तर नवऱ्याचे वारस; तिचे आई-वडील त्यांच्याही मागे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेली मुलगी सासरहून बाहेर पडली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी करून तिने पैसे साठवले आणि १९९६ साली ती गेली. पैसे तिच्या आईला मिळाले नाहीत. ज्या घराने तिला सांभाळलं नव्हतं त्या घरच्यांना, नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाले. तिच्या जागी एखादी बैठकीची गायिका किंवा कीर्तनकार ठेवून बघा. मला हे कलम अन्यायाचं वाटतं, आणि दोन ओळींच्या मृत्युपत्राने ते टळतं हेही खरं.

महाडच्या कोकणी मुसलमान घरांत मृत्युपत्राला एवढं वजन नाही. तिथे मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने जाता येत नाही आणि उरलेले हिस्से ठरलेले असतात.

हिंदू वारसा कायद्यातलं आणखी एक कलम महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांनी नको त्या रीतीने ओळखलंय. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली, काही घरांतली तर झाडून सगळी. बाप-लेक एकाच ढिगाऱ्याखाली सापडले, तर आधी कोण गेलं? वारसा त्यावर ठरतो. दुसरा पुरावा नसेल तर धाकटा मोठ्याच्या मागे जगला असं धरून चालायचं, असं २१ वं कलम सांगतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हा सगळ्यांचे देहही हाती लागले नाहीत. या प्रदेशात 'लिहून ठेवायला अजून वेळ आहे' हे वाक्य मी मुकाट्याने ऐकून घेत नाही.

आता कागदांकडे येतो. जमिनीपुरती आपली व्यवस्था, तिला कितीही शिव्या घातल्या तरी, चांगली आहे. माणूस गेला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वर्दी द्यायची. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावं चढतात, चौकशी होते, मग फेरफार, नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची सही आणि सातबाऱ्यावर नावं. गावाला कुणाची किती मुलं, कोण कुठे दिली हे तोंडपाठ असतं. भानगड होते ती पुढे, भाऊ 'हक्कसोड'चा कागद घेऊन बहिणीकडे जातात तेव्हा. मी असे शेकड्याने लिहिले. कागदावर 'राजीखुशीने' हा शब्द असतोच. तो लिहिताना समोर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे बघायचं मी टाळत आलो, हे कबूल करतो.

बँक, शेअर, विमा यांना वारस नोंद पुरत नाही. तिथे दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला लागतो: पैशाअडक्यासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचा, आणि स्थावरासाठी आपल्याकडे अजूनही १८२७ चं मुंबईचं ८ वं रेग्युलेशन चालतं. पेशवाई बुडाल्याला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचं. लोक म्हणतात, नॉमिनी लावलाय, मग कशाला दाखला? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांनी तर २०११ मध्ये मृत्युपत्रही केलं होतं. तरी गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून नावं असलेल्यांचा मालकीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १४ डिसेंबर २०२३ चा निकाल असा, की नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही; मालक वारसाच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. महिनोन्‌महिने तिथी-वार सांगणाऱ्या माणसाच्या घरचा हा दाखला मी आता प्रत्येक अशिलाला देतो.

आणि गाणं? गाण्याला ६-क नाही, फेरफार नाही, सातबारा नाही. हक्क जन्मतो तो चाल बांधली त्या क्षणी, कुठेही नोंद न करता. ही सोय जिवंत कलावंताची. तो मेल्यावर तीच गैरसोय होते.

कोकणातल्या माणसाला गाण्याची मालकी समजावणं त्यातल्या त्यात सोपं. इथे जमीन एकाची, तिच्यातलं आंब्याचं झाड दुसऱ्याचं आणि कूळ तिसरंच, हे रोजचं आहे. गाण्यातही शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं. बुवांच्या कॅसेटीत शब्द तुकोबांचे, म्हणजे सगळ्यांचे. चाली काही परंपरेच्या, त्याही सगळ्यांच्या. पण काही बुवांच्या स्वतःच्या. स्वरलिपीत लिहिली नसली तरी चाल ही संगीतकृती आहे, हे १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. तिचा हक्क बुवांच्या मागे साठ वर्षं. ध्वनिमुद्रण कॅसेट काढणाऱ्याचं, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. आणि गायक म्हणून बुवांचा सादरीकरणाचा हक्क वेगळा, पन्नास वर्षांचा.

कॅसेटवाल्याने तेव्हा ठोक रक्कम हातावर ठेवली होती, एवढं बायकोला आठवतं. कागद केल्याचं आठवत नाही. हक्क विकला म्हणायचं तर सहीचा लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. असा कागद कुणी दाखवला तर बघू. मधल्या काळात त्या कॅसेटी कुणीतरी यूट्यूबवर चढवल्यात, गणपतीत वाडीवाडीत वाजतात.

आपल्याकडे गाण्याच्या पैशाला वारसाची सवयच उशिरा लागली. संगीत नाटकाच्या जमान्यात मिळकत म्हणजे नाटक कंपनी: पडदे, कपडेपट, माणसं, आणि बहुधा कर्ज. केशवराव भोसले ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले, वय जेमतेम ३१. 'ललितकलादर्श'ची सूत्रं बापूराव पेंढारकरांनी हाती घेतली म्हणून कंपनी टिकली. बालगंधर्वांनी जे मिळवलं ते रंगभूमीच्या थाटावर उधळलं आणि उतारवयात ओझं राहिलं कर्जाचं. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, ही जुनी कल्पना कायद्यातून गेली ती २००५ साली. आता वारसाची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी गेले तेव्हा पाच भावंडांत थोरली लता बारा वर्षांची होती. त्यांच्या पदांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या, पण त्या वाजण्यातून घर चालेल अशी सोय नव्हती. तीच लता साठच्या दशकात गायकाला प्रत्येक गाण्याची रॉयल्टी हवी म्हणून अडून बसली. रफींना ते पटेना, आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गायलंच नाही.

ती लढाई कायद्यात पोचायला २१ जून २०१२ उजाडावी लागली. त्या दिवसापासून लागू झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा ठोक विकता येईनासा झाला. तो सोडता येतो फक्त वारसांसाठी किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेसाठी. कायद्याने इथे 'वारस' हा शब्द मुद्दाम लिहिलाय. १९६९ पासून असलेली आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते आणि मृत सभासदाच्या वारसांनाही देते. गायकांची संस्था २०१३ ची. मात्र तिथे आधी माणसाचं नाव, मग त्याच्या कृतींची यादी हवी. यादी नसेल तर पैसा कुणाचा म्हणून द्यायचा?

मृत्युपत्राचं काम या यादीपेक्षा हलकं आहे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. साक्षीदार मात्र हवेतच. अरेथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेली तेव्हा मृत्युपत्र नाही असंच सगळे धरून चालले. मग घरात हाताने लिहिलेले कागद सापडले, त्यातला २०१४ चा सोफ्याच्या गाद्यांमध्ये, आणि जुलै २०२३ मध्ये मिशिगनच्या ज्यूरीने तो खरा धरला. साक्षीदारांवाचून असला कागद आपल्याकडे मृत्युपत्र म्हणून उभा राहत नाही. बॉब मार्लीने १९८१ मध्ये जाताना मृत्युपत्र केलं नाही, त्यामागे त्याची रास्ताफारी श्रद्धा होती असं सांगतात. मागे पत्नी, बरीच मुलं आणि वर्षानुवर्षांचे खटले. आपल्याकडे श्रद्धेपेक्षा अपशकुनाची भीती जास्त. 'आत्ताच मरणाचं कशाला काढताय' हे मी देवघरात ऐकलंय आणि दवाखान्यातही.

एक बारकी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कुणी मृत्युपत्राने आपली अप्रकाशित वही एखाद्याला दिली, तर उलट काही लिहिलेलं नसेल तेव्हा वहीबरोबर तिच्यातल्या कृतींचा हक्कही त्यालाच जातो. म्हणजे बुवांनी 'वही थोरलीला' एवढे दोन शब्द साक्षीदारांसमोर लिहिले असते तरी भागलं असतं. मृत्युपत्रावाचून वही ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती फक्त वही.

पखवाज शेवटी मंडळाकडेच राहिला. लेकींनीच सांगितलं, वाजता राहू दे. सातबाऱ्यावर तिघींची नावं लागली. राहिली वही. गेल्या पावसाळ्यात थोरली नालासोपाऱ्याहून आली आणि आम्ही ओटीवर बसून चालींची यादी करायला घेतली. वहीत अभंगाच्या पहिल्या ओळीशेजारी बुवांची खूण असायची: 'जुनी', 'वरकरांची', 'माझी', कुठे नुसतीच फुली. 'माझी' अशा सतरा निघाल्या. प्रत्येकीपुढे मी एक रकाना आखला होता, चाल केव्हा बांधली त्याचा. थोरली चाल गुणगुणून दाखवायची आणि रकान्यापाशी अडायची, तिला वर्षं कुठून ठाऊक असणार. धाकटा काका तोवर खांबाला टेकून गप्प होता. पाचवी चाल ऐकली आणि म्हणाला, "ही संपातली. खोलीवर खायला नव्हतं, आणि आप्पा रात्रभर हीच घोळवीत बसलेले." मी रकान्यात १९८२ लिहिलं. "पुढची म्हण," तो पुतणीला म्हणाला.